‘मौल्यवान’ या अर्थाचे उत्तर दरवेळी का अडते आणि ते कसे सोडवावे

शब्दकोडे जवळजवळ भरत आलेले असते. एका कोपऱ्यात चार-पाच घरे उरतात, तिथल्या आडव्या शब्दाच्या सूत्रात, म्हणजे उत्तर ओळखण्यासाठी दिलेल्या ओळीत, मोल, मान किंवा किंमत यांपैकी काहीतरी असते आणि गाडी तिथेच रुतते. एखाद्या वेळी झाले असते तर सोडून दिले असते, पण मला हे पुन्हापुन्हा होत होते आणि नेमके याच अर्थाच्या शब्दांपाशी होत होते. डोंगर, नदी, सूर्य यांनाही मराठीत समानार्थी शब्दांची कमी नाही, तरी तिथे इतके अडायला होत नाही. शेवटी मी सोडवलेली जुनी कोडी काढून बसले, जिथे जिथे खाडाखोड होती ती सूत्रे एका कागदावर उतरवली आणि शेजारी आधी लिहिलेले चुकीचे उत्तर व नंतरचे बरोबर उत्तर मांडले. चुका दरवेळी नव्या नव्हत्या. त्याच चार-पाच चुका आलटून पालटून होत होत्या. त्या कोणत्या आणि त्यांवर काय करायचे, ते इथे सविस्तर लिहिते.

आधी एक उदाहरण, कारण सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक त्यात आहे.

सूत्र होते ‘ज्याचे मोल फार आहे असा (४)’, कंसातला आकडा घरांचा. मी लगेच ‘अनमोल’ लिहिले. चौथ्या घरातल्या ‘ल’वरून खाली उतरणाऱ्या शब्दाचे सूत्र होते ‘घाईची हालचाल (४)’, म्हणजे ‘लगबग’. तो नीट बसला आणि ‘अनमोल’बद्दल माझी खात्रीच झाली. दुसऱ्या घरातून खाली जाणाऱ्या शब्दाचे सूत्र होते ‘जशाच्या तसा (४)’ आणि त्याचे पहिले अक्षर माझ्या हिशेबाने ‘न’. ‘न’पासून सुरू होणारा तसा शब्द मी किती वेळ शोधत होते! शब्द होता ‘हुबेहूब’. पहिले अक्षर ‘हु’, म्हणजे आडवा शब्द ‘बहुमोल’.

इथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की सूत्र अगदी सरळ होते. त्यात ‘फार’ हा शब्द होता आणि ‘फार’ म्हणजे ‘बहु’. ‘अनमोल’चा अर्थ ‘ज्याचे मोल करता येत नाही असा’, तो वेगळा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘अनमोल’ आणि ‘बहुमोल’ यांची शेवटची दोन घरे सारखीच आहेत, त्यामुळे चुकीचे उत्तरही अर्धे बरोबर निघाले. ‘लगबग’ जुळला तो ‘मोल’च्या ‘ल’शी. ‘अनमोल’ बरोबर असल्याचा तो पुरावाच नव्हता. या अर्थाच्या शब्दांचे खरे दुखणे हे आहे: त्यांची शेपटे सारखी असतात आणि शेपटाशी जुळलेला उभा शब्द खोटा धीर देतो.

म्हणून पहिला उपाय असा. या अर्थाचे उत्तर लिहिल्यावर ते पक्के धरण्याआधी त्याच्या पहिल्या किंवा दुसऱ्या घरातून जाणारा उभा शब्द सोडवावा. शेवटच्या घरातला जुळला म्हणून पुढे जाऊ नये. आणि शेजारचे एखादे सोपे सूत्र हट्टाने सुटत नसेल, तर दोष त्या सूत्राचा नसून आपण आधी लिहिलेल्या आडव्या शब्दाचा आहे असे धरून चालावे.

एका शेपटाचे गोतावळे

‘मोल’चे गोतावळे घ्या. ‘अमोल’ तीन घरांचा. ‘अनमोल’, ‘बहुमोल’ आणि ‘मातीमोल’ चार घरांचे. ‘कवडीमोल’ पाच घरांचा. तिसऱ्या-चौथ्या घरात ‘मो’ आणि ‘ल’ आले की मन आपोआप स्तुतीकडे धावते, पण ‘मातीमोल’ अगदी उलट्या टोकाचा शब्द आहे आणि तोही त्याच चार घरांत बसतो. सूत्रात ‘किंमत उरली नाही’, ‘मोल गेलेला’, ‘नासाडी झालेला’ अशी छटा असेल तर तिकडे वळायला हवे.

‘मूल्य’चेही तसेच. ‘अमूल्य’ तीन घरांचा, ‘बहुमूल्य’ चारांचा आणि ‘विनामूल्य’ही चारांचाच. शेवटच्या दोन घरांत ‘मू’ आणि ‘ल्य’ मिळाले की निम्म्या शक्यता उघड्याच राहतात. इथे सूत्रातल्या क्रियापदाकडे पाहावे. ‘मोल होऊ शकत नाही’ म्हटले असेल तर ‘अमूल्य’, ‘मोल द्यावे लागत नाही’ म्हटले असेल तर ‘विनामूल्य’ किंवा तीन घरांत ‘मोफत’. नकार दोन्हीकडे आहे, पण एक नकार वस्तूला उंच नेतो आणि दुसरा फक्त पैसे लागत नाहीत एवढेच सांगतो. तीन घरांत ‘निर्मूल्य’ही बसतो, अर्थ नेमका उलटा. त्याच्या मधल्या घरात मात्र ‘मू’ नाही, रफार घेतलेला ‘र्मू’ आहे, त्यामुळे उभा शब्द हाताशी असेल तर तो चटकन वेगळा काढता येतो.

‘अर्घ’ म्हणजे मूल्य. त्यावरून ‘महार्घ’, ज्याचे प्राकृतात ‘महग्घ’ झाले आणि तिथून आपला रोजचा ‘महाग’ आला. ‘मूल्य’वरून ‘मोल’ही प्राकृताच्याच वाटेने आले. व्युत्पत्ती इथे मिरवायला सांगत नाही, तिचा घरांशी थेट संबंध आहे. ‘महार्घ’ आणि ‘महाग’ दोन्ही तीन घरांचे, पहिली दोन घरे सारखीच, फरक शेवटच्या घरात ‘र्घ’ की ‘ग’ एवढाच. या जोडीत शेपूट विश्वासार्ह आणि डोके फसवे! सूत्राची भाषा ग्रंथाळ असेल तर ‘महार्घ’, बोलीतली असेल तर ‘महाग’, असा अंदाज बांधता येतो. ‘अनर्घ’ आणि ‘अनर्घ्य’ हेही ‘अमूल्य’च्याच अर्थाचे आणि तीन घरांचेच.

सूत्र नेमके काय मोजते?

मराठीत एखादी गोष्ट ‘मोलाची’ असते तेव्हा ती तीन वेगळ्या तराजूंवर तोललेली असू शकते. किंमत हा एक, मान हा दुसरा, जीव हा तिसरा. कोडे अडले की मी आता सूत्र पुन्हा वाचून फक्त एवढेच ठरवते की तराजू कोणता. हे ठरले की निम्मे शब्द आपोआप गळतात.

किंमतीच्या तराजूवर ‘मौल्यवान’ (४), ‘किमती’ (३), ‘महागडा’ (४), ‘लाखमोलाचा’ (५) येतात. ‘दुर्मीळ’ आणि ‘दुर्लभ’ (दोन्ही ३) थोडे कडेला उभे असतात, कारण त्यांचा मूळ अर्थ न मिळणे हा आहे, मोल त्यातून येते. ‘महागडा’ लिहिण्याआधी थांबावे. तो फक्त किंमत सांगतो, महत्त्व सांगत नाही, आणि चांगला कोडेकार ‘मौल्यवान’साठी तो शब्द सहसा योजत नाही.

जिवाच्या तराजूवरचे शब्द सोपे आहेत: ‘प्रिय’, ‘लाडका’, ‘आवडता’, ‘जिवलग’, ‘प्राणप्रिय’. ‘गळ्यातला ...’ असे आले की ‘ताईत’, तीन घरे. इथे मी क्वचितच अडते.

मानाचा तराजू मात्र फार श्रीमंत आहे आणि खरी अडचण तिथे आहे. दोन घरांचे शब्दच पाहा: मान, पत, आब, वट, बूज, भीड, थोर, वंद्य, पूज्य, मान्य, श्रेष्ठ, स्तुत्य. कोडेकाराला छोट्या जागा भरायला हे शब्द फार उपयोगी पडतात, म्हणून ते वारंवार येतात. त्यातही ‘... राखणे (२)’ हे सूत्र माझ्याकडून कितीतरी वेळा चुकले आहे. ‘मान राखणे’, ‘आब राखणे’, ‘पत राखणे’, ‘बूज राखणे’ हे चारही शुद्ध मराठी आणि चारही दोन घरांचे. यांतला फरक मनाशी स्पष्ट केल्यावर चुका कमी झाल्या. आब ही स्वतःची असते. माणूस स्वतःच्या वागण्याने ती राखतो. बूज दुसऱ्याची राखली जाते. दुसऱ्याच्या योग्यतेची, वयाची, कामाची जाणीव ठेवणे म्हणजे बूज राखणे. पत हा विश्वास आहे, विशेषतः व्यवहारातला. आणि मान सगळीकडे चालतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी लिहावा. सूत्रात ‘स्वतःची प्रतिष्ठा’ म्हटले असेल तर आधी ‘आब’ पाहावा, ‘योग्य तो आदर’ म्हटले असेल तर ‘बूज’.

तीन घरांत ‘कदर’, ‘आदर’, ‘गौरव’, ‘इभ्रत’, ‘प्रतिष्ठा’, ‘लौकिक’, ‘पत्रास’. यांतला ‘पत्रास’ आता बोलण्यात कमी ऐकू येतो, पण ‘पत्रास ठेवणे’ या रूपात कोड्यांत भेटतो आणि तो ठाऊक नसेल तर कितीही डोके खाजवले तरी सुचत नाही. ‘चीज’ही असाच. ‘कष्टांचे ... झाले’ म्हटले की तो हवा. ‘सार्थक’ची घरे तीन, त्यामुळे दोघांत गोंधळ होण्याचे कारण नाही.

मान देणारा की मान मिळणारा

या चुकीकडे माझे बरेच दिवस लक्षच नव्हते. ‘गुणांची कदर करणारा’ आणि ‘ज्याची कदर केली जाते असा’ ही दोन सूत्रे घाईत एकच वाटतात. पहिल्याचे उत्तर ‘गुणग्राही’ (४), ‘गुणग्राहक’ (५), ‘कदरदान’ (५) किंवा ‘पारखी’ (३). दुसऱ्याचे ‘मान्यवर’ (४), ‘आदरणीय’ (५), ‘प्रतिष्ठित’ (४). म्हणून सूत्रातले कृदन्त बोटाने दाखवून वाचावे: करणारा, केलेला, की करण्याजोगा?

संस्कृतातून आलेल्या शब्दांत हे तिन्ही अर्थ प्रत्ययाने ठरतात आणि प्रत्ययाबरोबर घरांची संख्याही बदलते. ‘पूज’ घ्या. करण्याजोगा असेल तर ‘पूजनीय’ (४) किंवा ‘पूज्य’ (२). ज्याची पूजा झाली आहे असा असेल तर ‘पूजित’ (३). करणारा असेल तर ‘पूजक’ (३). ‘वंद’चेही असेच: ‘वंदनीय’ (४), ‘वंद्य’ (२), ‘वंदित’ (३). ‘श्लाघनीय’ (४) आणि ‘श्लाघ्य’ (२) ही स्तुतीची जोडी. घरे चार असतील तर ‘नीय’, दोन असतील तर नुसता ‘य’, हा अंदाज मला फार वेळा उपयोगी पडला. पूज्य सुचला आणि घरे चार निघाली, तर शब्द सोडू नये. त्याचेच लांब रूप घ्यावे.

तिथेच आणखी एक फट आहे: ‘नी’ की ‘णी’? आदरणीय, स्पृहणीय, स्मरणीय, रमणीय यांत ‘णी’; माननीय, पूजनीय, वंदनीय, प्रार्थनीय, दर्शनीय, अर्चनीय, प्रशंसनीय यांत ‘नी’. घर एकच असल्याने उभ्या शब्दाशी सगळा खेळ त्या एका अक्षरावर येतो. पाठांतराची गरज नाही, नियम आहे. त्याच शब्दात आधी र, ऋ किंवा ष आला असेल आणि त्याच्या व ‘न’च्या मध्ये फक्त स्वर, क-वर्ग, प-वर्ग, य, व, ह किंवा अनुस्वार असेल, तर ‘न’चा ‘ण’ होतो. ‘आदरणीय’मध्ये ‘र’नंतर मध्ये काहीच आड येत नाही. ‘स्पृहणीय’मध्ये ‘ऋ’नंतर ‘ह’ आहे, तो आड येत नाही. ‘प्रार्थनीय’मध्ये मात्र ‘थ’ आडवा आला, ‘दर्शनीय’मध्ये ‘श’ आला, ‘अर्चनीय’मध्ये ‘च’ आला, म्हणून तिथे ‘न’ तसाच राहिला. ‘पूजनीय’त र, ऋ, ष यांपैकी कुणीच नाही. हे एकदा समजून घेतल्यावर या जागी माझी खाडाखोड झालेली नाही.

‘मान्य’चे शेपूटही नीट ओळखायला हवे. चार घरे आणि शेवटी ‘मा’, ‘न्य’ अशी स्थिती आली की ‘लोकमान्य’, ‘राजमान्य’, ‘सर्वमान्य’, ‘गणमान्य’, ‘जगन्मान्य’... नाही, ‘जगन्मान्य’ इथे बसत नाही! त्याची फोड ‘ज-ग-न्मा-न्य’ अशी होते, घरे चारच, पण तिसऱ्या घरात ‘मा’ नसून ‘न्मा’ आहे. हा फरक बारीक असला तरी कोड्यात निर्णायक ठरतो. आणि ‘असामान्य’ विसरू नये. तो ‘मान्य’पासून आलेलाच नाही, ‘समान’वरून ‘सामान्य’ आणि त्यावरून ‘असामान्य’ असा त्याचा प्रवास, तरी घरांत तो अगदी ‘लोकमान्य’सारखा दिसतो: अ, सा, मा, न्य. सूत्रात ‘लोकोत्तर’, ‘वेगळाच’, ‘क्वचित आढळणारा’ असे असेल तर तो आधी लिहून पाहावा. ‘अग्रगण्य’ (४) आणि ‘नगण्य’ (३) या भावंडांतही एका ‘न’ने शिखर आणि तळ एवढा फरक पडतो.

लिंग, वचन आणि न वाचलेली मात्रा

विशेषण विकारी असेल तर सूत्र स्वतःच उत्तराचे शेवटचे अक्षर सांगत असते. ‘मोलाचा असा’ म्हटले तर शेवटी ‘आ’कार, ‘अशी’ म्हटले तर ‘ई’कार, ‘असे’ म्हटले तर ‘ए’कार. ‘मौल्यवान’, ‘अमूल्य’, ‘किमती’ यांना हे लागू नाही, ते तसेच राहतात. नामांत वचन पाहावे. ‘मौल्यवान खडा’ म्हणजे ‘हिरा’, ‘रत्न’, ‘मणी’, आणि ‘खडे’ म्हटले तर ‘हिरे’, ‘रत्ने’. ‘मणी’चे अनेकवचनही ‘मणी’च आणि ‘पाचू’चेही ‘पाचू’च, त्यामुळे कोडेकाराने ‘खडे’ लिहिले म्हणून हे दोन बाद करू नयेत.

ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ या विषयात विशेष आहे, कारण शब्द निम्मे संस्कृत आणि निम्मे मराठी. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये ठरवले, १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली. त्यांतले दोन इथे सतत लागतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून ‘मणी’, ‘निधी’, ‘चिंतामणी’, ‘शिरोमणी’. पण तोच शब्द समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व, म्हणून ‘मणिकांचन’, ‘मणिहार’. दुसरा नियम उपान्त्य, म्हणजे शेवटच्या आधीच्या अक्षराचा: ‘परीस’ आणि ‘दुर्मीळ’ यांत दीर्घ, आणि प्रत्यय लागला की ‘परिसाने’, ‘परिसाचा’ असा ऱ्हस्व. ‘लोखंडाचे सोने करणारा’ या सूत्राला ‘परिस’ लिहिले तर मधल्या घरातून उतरणारा ‘री’चा शब्द अडून बसतो. काही कोडेकार ऱ्हस्व-दीर्घ सैल ठेवतात आणि एकाच घरात आडवा शब्द ‘रि’ व उभा ‘री’ चालवून घेतात. आपल्या हातातले कोडे कोणत्या पठडीतले आहे ते त्याच रचनाकाराच्या आधीच्या एखाद्या उत्तरात पाहून घ्यावे. दोन-तीन छेद पाहिले की कळते.

‘मौल्यवान’ आणि ‘मूल्यवान’ ही दोन्ही रूपे छापील मजकुरात आढळतात, दोन्ही चार घरांची. फरक फक्त पहिल्या घरात. इथे वाद घालत बसू नये, पहिल्या घरातून उतरणारा शब्द ठरवेल. ‘किमती’ आणि ‘किंमती’चेही तसेच, अनुस्वार घर वाढवत नाही. ‘महत्त्व’मध्ये शेवटचे घर ‘त्त्व’ आहे, ‘त्व’ नाही. ‘सत्त्व’, ‘तत्त्व’, ‘व्यक्तिमत्त्व’ यांपैकी एखादा खाली उतरत असेल तर तो या घरात बरोबर मिळतो, आणि एकच ‘त’ लिहिला असेल तर दोन्ही शब्द चुकतात.

मोबाइलवर सोडवताना आणखी एक गडबड दिसते. घरे मोजताना माणूस अक्षरे मोजतो, पण एखादे ॲप युनिकोडची चिन्हे मोजते. ‘अमूल्य’ आपल्याला तीन अक्षरी, पण त्यात अ, म, दीर्घ उकार, ल, हलन्त आणि य अशी सहा चिन्हे आहेत. सूत्रापुढे ६ लिहिलेले असेल आणि चौकटीत घरे तीनच असतील, तर घरांवर विश्वास ठेवावा. ‘ल्य’ टाइप करताना ‘ल’ एका घरात आणि ‘य’ पुढच्या घरात उडी मारत असेल तर हलन्त देऊन लगेच ‘य’ दाबावा, मध्ये थांबू नये.

रत्ने, धातू आणि नावे

‘मौल्यवान’च्या सूत्रांत मूर्त वस्तू आली की काम सोपे होते, पण यादी ठाऊक हवी. नऊ रत्ने: हिरा (२), मोती (२), पाचू (२), माणिक (३), पोवळे (३), नीलम (३), गोमेद (३), वैडूर्य (३), पुष्कराज (४). पोवळ्याला ‘प्रवाळ’, पाचूला ‘मरकत’, वैडूर्याला ‘लसण्या’ आणि हिऱ्याला ‘वज्र’ हे पर्याय लक्षात ठेवावेत. तीन घरे असतील तर इतकी गर्दी होते की उभ्या शब्दाशिवाय काहीही लिहू नये.

सोन्यासाठी सुवर्ण, कनक, कांचन, हिरण्य, हाटक हे सगळे तीन घरांचे, ‘हेम’ दोन घरांचा. ‘कनक’चा दुसरा अर्थ धोतरा, त्यामुळे ‘सोने किंवा एक विषारी झाड’ असे सूत्र आले तर नेमका तोच. ‘सोन्याची परीक्षा करण्याचा दगड’ म्हणजे ‘कसोटी’ किंवा ‘निकष’, दोन्ही तीन घरांचे. ‘निकष’चा हा मूळ अर्थ माहीत नसेल तर तो सुचत नाही. ‘हिऱ्याचे वजन’ आणि ‘सोन्याचा कस’ या दोन वेगळ्या सूत्रांना एकच उत्तर आहे, ‘कॅरेट’. हिऱ्याच्या बाबतीत ते २०० मिलिग्रॅमचे माप, सोन्याच्या बाबतीत २४ पैकी शुद्ध भाग किती याचे. शुद्ध सोन्याला आणि त्यावरून निखळ माणसालाही ‘बावनकशी’ (५).

विशिष्ट मण्यांची नावे पुराणकथांतून येतात. विष्णूच्या छातीवरचा ‘कौस्तुभ’ (३). सूर्याने सत्राजिताला दिलेला ‘स्यमंतक’ (४). सीतेने हनुमानाजवळ खूण म्हणून दिलेला ‘चूडामणी’ (४). इच्छिले ते देणारा ‘चिंतामणी’ (४). शेवटच्या दोघांची ‘म’ आणि ‘णी’ ही घरे सारखी, ‘शिरोमणी’चीही तीच, म्हणजे पुन्हा तोच शेपटाचा प्रश्न. ‘प्रकाशाचा पर्वत’ असे फारसी नावाचे भाषांतर सूत्रात आले तर ‘कोहिनूर’ (४). नादिरशहाने तो १७३९ मध्ये दिल्लीहून नेला आणि १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर तो ब्रिटिशांकडे गेला, ही दोन्ही साले सूत्रांत येऊ शकतात.

‘चौदावे रत्न (२)’ या सूत्रापाशी मात्र समुद्रमंथनातली रत्ने मोजायला बसू नये. चौदावे रत्न दाखवणे म्हणजे चोप देणे, उत्तर ‘मार’.

‘भारतरत्न’ (५) हा सन्मान १९५४ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या मानकऱ्यांची आडनावे कोड्यांत येतात. सूत्रात ‘भारतरत्न मिळालेले (२)’ एवढेच असेल आणि पहिल्या घराची सुरुवात ‘क’ने असेल, तर दोन नावे एकाच वेळी समोर येतात: कर्वे आणि काणे. धोंडो केशव कर्वे १९५८ चे, पांडुरंग वामन काणे १९६३ चे. पहिल्या घरात ‘क’ असेल तर कर्वे, ‘का’ असेल तर काणे. मराठी कोड्यात घरात नुसते व्यंजन नसते, मात्रेसकट अक्षर असते, म्हणून एकच घर मिळाले तरी पुष्कळ कळते. मी पूर्वी उभ्या शब्दातून ‘क’चा अंदाज घेऊन मोकळी होत असे, मात्रा नंतर पाहू म्हणत असे. आता मात्रा आधी नक्की करते.

एक जागा मात्र अशी आहे जिथे वरचे काहीच कामाला येत नाही. तीन घरे, सूत्र ‘ज्याची किंमत ठरवता येत नाही असा’, आणि हाती फक्त पहिले अक्षर ‘अ’. अमोल, अमूल्य, अनर्घ, अनर्घ्य, चौघेही अर्थाने अचूक आणि चौघेही त्या घरांत बसणारे. अशा वेळी पेन्सिलने फक्त ‘अ’ लिहून ती दोन घरे कोरी ठेवावीत आणि कोड्याच्या दुसऱ्या टोकाला जावे. मधले घर आधी भरले तर ‘मो’, ‘मू’ की ‘न’ हे कळून निकाल लागतो. ‘न’ आला तरी शेवटच्या घरात ‘र्घ’ की ‘र्घ्य’ हे उरतेच आणि ते फक्त शेवटच्या घरातला उभा शब्द सांगू शकतो.